वर्डमध्ये ₹ आणि इतर विशेष चिन्हांच्या शॉर्टकटची टक्कर कशी सोडवावी

रकमेच्या आधी ₹ टाकण्यासाठी तुम्ही कंट्रोल + ऑल्ट + ४ दाबता आणि चिन्ह उमटण्याऐवजी सगळा परिच्छेद निळा आणि तिरका होतो. कधी काहीच घडत नाही, तर कधी भलताच प्रोग्राम उघडतो. या तिन्ही प्रकारांत कळफलक बिघडलेला नसतो आणि वर्ड काढून पुन्हा बसवण्याचीही गरज नसते. एकाच कळसंयोगावर दोन ठिकाणांहून हक्क सांगितलेला असतो आणि ज्याच्याकडे ती कळ आधी पोहोचते त्याचे काम होते. म्हणून सेटिंग्ज बदलायला घेण्यापूर्वी कळ नेमकी कोण पकडत आहे हे शोधावे. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, नेटवर सापडलेला पहिला उपाय करतात आणि मग आधी नीट चालणारे दोन-तीन शॉर्टकटही गमावून बसतात.

करारनामे, ताळेबंद आणि निविदा यांचे मराठी मसुदे करताना हा गोंधळ मला वारंवार निस्तरावा लागतो, त्यामुळे पुढील क्रम त्या कामातून ठरलेला आहे. विंडोजवरील वर्ड गृहीत धरून तो लिहिला आहे. लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स यांच्याविषयी शेवटी वेगळे सांगितले आहे.

१. टक्कर का होते ते आधी समजून घ्या

तुम्ही कळ दाबल्यावर ती सर्वप्रथम विंडोजकडे जाते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो कळसंयोग स्वतःसाठी राखून ठेवला असेल, तर कळ तिथेच अडते आणि वर्डपर्यंत पोहोचत नाही. पोहोचलीच, तर वर्ड आपल्या शॉर्टकटच्या यादीत तो संयोग कोणी मुद्दाम नेमून दिला आहे का ते पाहते. तसा तो नेमलेला नसेल, तर कळफलकाच्या मांडणीप्रमाणे, म्हणजे कोणत्या कळेवर कोणते अक्षर नेमले आहे त्यानुसार, अक्षर उमटते. म्हणजे अक्षराची पाळी सर्वांत शेवटी येते.

यात भर अशी की, उजवीकडच्या ऑल्टला, म्हणजे काही कळफलकांवर ज्यावर ‘ऑल्ट-जीआर’ असे छापलेले असते त्या कळेला, विंडोज कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखेच मानते. ‘इंग्लिश (इंडिया)’ या मांडणीत ₹ हे चिन्ह उजवा ऑल्ट + ४ वर आहे, म्हणजेच ते कंट्रोल + ऑल्ट + ४ वरही आहे. भारत सरकारने हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या) ६.० या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले आणि त्यानंतर ते कळफलकांवर आले. वर्डने मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कंट्रोल + ऑल्ट + १, २ आणि ३ हे संयोग ‘हेडिंग १’ ते ‘हेडिंग ३’ या शैलींना देऊन ठेवले होते. साहजिकच कार्यालयाचे टेम्प्लेट (नव्या दस्तऐवजांसाठीचा तयार साचा) तयार करणारी व्यक्ती पुढचा ४ ‘हेडिंग ४’ला देऊन टाकते आणि त्या टेम्प्लेटवर काम करणाऱ्या सगळ्यांचे ₹ हरवते. परिच्छेद निळा आणि तिरका होण्यामागे बहुधा हेच कारण असते.

२. हाताशी काय ठेवावे

- वर्डची संगणकावर बसवलेली आवृत्ती.
- नोटपॅड. कळ कोण पकडते हे तपासण्यासाठी ते सर्वांत विश्वासू साधन आहे, कारण त्यात टेम्प्लेट किंवा ॲड-इन (वर्डला जोडले जाणारे पूरक प्रोग्राम) यांपैकी काहीच नसते.
- विंडोजचा पडद्यावरील कळफलक. तो विंडोज + कंट्रोल + ओ दाबल्यावर उघडतो.
- ‘नॉर्मल’ टेम्प्लेटची एक प्रत. तुमचे वैयक्तिक शॉर्टकट सहसा याच फाइलीत साठवलेले असतात. ती कुठे आहे हे फाइल → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड या पानाच्या तळाशी ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘यूजर टेम्प्लेट्स’समोर दिसते. वर्ड पूर्ण बंद करून त्या फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी.
- कार्यालयाचा संगणक असेल तर तेथील संगणक विभागाची परवानगी. सामायिक टेम्प्लेटमध्ये परस्पर बदल करू नये.

३. नोटपॅडमध्ये चाचणी घ्या

नोटपॅड उघडा, कळफलक ‘इंग्लिश (इंडिया)’वर आणा आणि कंट्रोल + ऑल्ट + ४ दाबा. ₹ उमटले, तर मांडणी ठीक आहे आणि पार्श्वभूमीवरचा कोणताही प्रोग्राम आड येत नाही. दोष वर्डमध्ये आहे, तेव्हा थेट पाचव्या पायरीवर जा. काहीच उमटले नाही, तर चौथी पायरी पाहा. दुसरा एखादा प्रोग्राम उघडला किंवा पडद्यावर काही वेगळेच घडले, तर सातवी पायरी पाहा.

ही चाचणी तुम्हाला हव्या असलेल्या प्रत्येक चिन्हासाठी वेगळी घ्यावी. ₹ चालते म्हणून © देखील चालेल असे गृहीत धरू नका. © साठीचा कंट्रोल + ऑल्ट + सी हा संयोग वर्डचा स्वतःचा आहे, त्यामुळे नोटपॅडमध्ये त्याने काही उमटले नाही तर त्यात काही चूक नाही.

४. कळफलकाची मांडणी तपासा

टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचे नाव दिसते, पण भाषा आणि मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ असूनही तिच्याखाली ‘यूएस’ मांडणी जोडलेली असू शकते आणि त्या मांडणीत ₹ नाहीच. शिवाय ‘यूएस’ मांडणीत उजवा ऑल्ट हा साधा ऑल्ट असतो. त्यामुळे वर्डमध्ये उजवा ऑल्ट + ४ दाबल्यास खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातील क्विक ॲक्सेस टूलबारवरचे चौथे बटण दाबले जाते. ते बटण छपाईचे असेल, तर तुम्हाला चिन्हाऐवजी छपाईची खिडकी दिसेल आणि दोष कशाचा ते कळणार नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजन येथे जा, भाषेसमोरच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा आणि ‘ॲड अ कीबोर्ड’मधून ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. वापरात नसलेल्या मांडण्या तिथूनच काढून टाका. चार-पाच मांडण्या साठवून ठेवल्या की त्यांच्यात चुकून अदलाबदल होतच राहते.

मांडणी बरोबर आहे की नाही याची खात्री पडद्यावरच्या कळफलकाने होते. त्यावर उजवा ऑल्ट दाबा, म्हणजे प्रत्येक कळेवर त्या वेळी उपलब्ध असणारे चिन्ह दिसेल. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळफलक-मांडणी) वापरणाऱ्यांनी ही पाहणी जरूर करावी, कारण शिफ्ट आणि उजवा ऑल्ट यांच्या मागे किती अक्षरे दडलेली आहेत याचा अंदाज कागदी तक्त्यावरून येत नाही.

५. वर्डच्या यादीत कळ कोणाकडे आहे ते शोधा

हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, म्हणून सावकाश करा.

फाइल → ऑप्शन्स → कस्टमाइझ रिबन येथे जा. खिडकीच्या तळाशी ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ या शब्दांसमोर ‘कस्टमाइझ’ हे बटण आहे, ते दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘प्रेस न्यू शॉर्टकट की’ या रकान्यात कर्सर ठेवा आणि कळफलक इंग्रजीवर ठेवून कंट्रोल + ऑल्ट + ४ दाबा. खाली ‘करंटली असाइन्ड टू’समोर त्या संयोगाचा सध्याचा मालक दिसेल. ‘अनअसाइन्ड’ असे दिसले तर वर्डच्या यादीत तो संयोग कोणाकडेच नाही. ‘हेडिंग ४’ किंवा एखाद्या मॅक्रोचे (एकदम चालवता येणाऱ्या साठवलेल्या आज्ञांच्या संचाचे) नाव दिसले तर गुन्हेगार सापडला. या टप्प्यावर ‘असाइन’ दाबू नका. आपण अजून फक्त चौकशी करत आहोत.

मालक कळला तरी त्याच्याकडून कळ काढून घेण्यासाठी याच रकान्यातून काही करता येत नाही. डावीकडील ‘कॅटेगरीज’च्या यादीत खाली जाऊन ‘स्टाइल्स’ निवडा, उजवीकडे ‘हेडिंग ४’ निवडा, ‘करंट कीज’मध्ये दिसणाऱ्या संयोगावर क्लिक करा आणि ‘रिमूव्ह’ दाबा. मालक मॅक्रो असेल तर ‘मॅक्रोज’ हा गट निवडावा.

येथे दोन सापळे आहेत. पहिला ‘सेव्ह चेंजेस इन’ या रकान्याचा. त्यात ‘नॉर्मल’ आणि उघडलेला दस्तऐवज असे पर्याय असतात, आणि दस्तऐवज वेगळ्या टेम्प्लेटवर आधारलेला असेल तर त्या टेम्प्लेटचे नावही असते. शॉर्टकट ज्या ठिकाणी साठवलेला आहे तेच ठिकाण येथे निवडावे लागते, नाहीतर तुम्ही एका जागी काढता आणि तो दुसऱ्या जागेवरून पुन्हा हजर होतो. ‘काढला तरी परत येतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा हेच असते.

दुसरा सापळा ‘रीसेट ऑल’चा. हे बटण निवडलेल्या टेम्प्लेटमधील तुम्ही नेमलेले सगळे शॉर्टकट एका झटक्यात पुसते. त्यात वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रोंचे आणि चिन्हांचे शॉर्टकटही जातात. दुसऱ्या पायरीत ‘नॉर्मल’ची प्रत ठेवायला सांगितले ते यासाठीच.

सगळे शॉर्टकट एकदम पाहायचे असतील तर व्ह्यू → मॅक्रोज उघडा, ‘मॅक्रोज इन’मध्ये ‘वर्ड कमांड्स’ निवडा, यादीतून ‘लिस्ट-कमांड्स’ शोधून चालवा आणि ‘करंट कीबोर्ड सेटिंग्ज’ हा पर्याय घ्या. वर्ड एका नव्या दस्तऐवजात तक्ता तयार करून देते. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर काम करण्यापूर्वी हा तक्ता छापून घेणे मला सोयीचे वाटते.

६. यादीत मालक दिसत नाही, पण कळ वर्डमध्येच चालत नाही

वर्ड बंद करा आणि कंट्रोल दाबून धरून त्याच्या आयकॉनवर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचे का असे वर्ड विचारेल, त्याला होकार द्या. या अवस्थेत ॲड-इन आणि तुमचे बदल लागू होत नाहीत. येथे ₹ उमटले, तर दोष एखाद्या ॲड-इनचा किंवा सुरुवातीलाच लोड होणाऱ्या टेम्प्लेटचा आहे. वर्ड नेहमीसारखे उघडून फाइल → ऑप्शन्स → ॲड-इन्स येथे जा, तळाशी ‘मॅनेज’मध्ये आधी ‘कॉम ॲड-इन्स’ आणि नंतर ‘टेम्प्लेट्स’ निवडा आणि एकेक खूण काढून, दर वेळी वर्ड पुन्हा उघडून पाहा. सगळ्या खुणा एकदम काढू नका, कारण मग नेमका कोणता घटक आड येत होता ते समजणार नाही.

‘नॉर्मल’मध्ये केलेले बदल साधारणपणे वर्ड बंद होताना साठवले जातात. मध्येच संगणक अडकला किंवा वीज गेली, तर तुमची मेहनत वाया जाते. फाइल → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड येथील ‘सेव्ह’ या भागात ‘नॉर्मल’ साठवण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय आहे. त्यावर खूण केली की बदल खरोखर साठत आहेत की नाही हे कळते. शॉर्टकट बदलून झाल्यावर वर्ड एकदा बंद करून पुन्हा उघडावे.

७. वर्डबाहेरचे हक्कदार

नोटपॅडमध्येही चिन्ह उमटले नाही आणि मांडणी मात्र बरोबर आहे, अशा वेळी पुढील ठिकाणे तपासा.

डेस्कटॉपवरील आयकॉन: विंडोजमध्ये कोणत्याही प्रोग्रामच्या आयकॉनला ‘प्रॉपर्टीज’मधून ‘शॉर्टकट की’ देता येते आणि तिथे नुसते एक अक्षर दाबले की विंडोज त्याच्या आधी कंट्रोल + ऑल्ट आपोआप जोडते. दृष्टिबाधितांसाठीचा ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर बसवताना डेस्कटॉपवर जो आयकॉन तयार होतो त्याला कंट्रोल + ऑल्ट + एन हा संयोग दिलेला असतो. तुमच्या एखाद्या चिन्हासाठी तुम्ही तोच संयोग निवडला, तर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला जाऊ लागेल.

ग्राफिक्स, पडद्याचे चित्र घेणे आणि पासवर्ड सांभाळणे यांसाठीचे प्रोग्राम: यांच्या सेटिंग्जमध्ये ‘हॉटकीज’ असा भाग असतो. कंट्रोल + ऑल्ट + बाणाची कळ दाबल्यावर पडदा फिरणे हा यातला जुना आणि प्रसिद्ध प्रकार आहे.

जुनी मराठी टायपिंग साधने: युनिकोडपूर्व फॉन्टसाठी बसवलेला कळफलक-प्रोग्राम घड्याळाशेजारी चालू असेल, तर तो वर्डच्या आधी कळा अडवतो. आता गरज नसेल तर तो संगणक सुरू होतानाच्या यादीतून काढून टाका.

विंडोजचे भाषाबदलाचे शॉर्टकट: सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ येथे डावा ऑल्ट + शिफ्ट हा भाषा बदलण्यासाठी आणि कंट्रोल + शिफ्ट हा मांडणी बदलण्यासाठी नेमलेला असू शकतो. प्रत्येक मांडणीला स्वतंत्र अंकही देता येतो, उदाहरणार्थ मराठीसाठी कंट्रोल + शिफ्ट + १. मराठी टंकलेखनात हा अंक अडचणीचा ठरतो. त्याचे कारण नवव्या पायरीत दिले आहे. भाषा बदलण्यासाठी विंडोज + स्पेसबार पुरेसा असल्याने ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये जाऊन बाकीचे संयोग ‘नॉट असाइन्ड’ करून टाकावेत, असे माझे मत आहे.

८. चिन्हाला नवा, सुरक्षित शॉर्टकट द्या

जुना मालक हटवणे शक्य नसेल, उदाहरणार्थ कार्यालयातील इतरांना ‘हेडिंग ४’ त्याच कळेवर हवे असेल, तर तुमच्या चिन्हाची जागा बदला. इन्सर्ट → सिम्बॉल → मोअर सिम्बॉल्स उघडा. ‘फॉन्ट’च्या रकान्यात ‘नॉर्मल टेक्स्ट’ निवडा, ‘फ्रॉम’ समोर ‘युनिकोड (हेक्स)’ असल्याची खात्री करा आणि चिन्ह निवडून ‘शॉर्टकट की’ दाबा. फॉन्टच्या रकान्यात चित्रांचा एखादा फॉन्ट निवडून तिथले दिसायला सारखे असलेले चिन्ह घेऊ नका. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की त्याजागी चौकोन किंवा भलतेच अक्षर दिसते, आणि निविदेतल्या रकमेपुढे चौकोन दिसणे चांगले नाही.

कंट्रोल + ऑल्टची जोडी शक्यतो टाळा, कारण सगळी गर्दी तिथेच आहे. ऑल्ट + अक्षर हेही टाळा, कारण त्यांपैकी बरीच अक्षरे रिबनवरचे टॅब उघडतात. वर्ड दोन टप्प्यांचे शॉर्टकट स्वीकारते आणि ही सोय फारशी कोणी वापरत नाही: आधी एक संयोग दाबायचा, तो सोडायचा आणि मग एक अक्षर दाबायचे. मी ऑल्ट + स्वल्पविराम हा पहिला टप्पा ठेवून त्यानंतर ₹ साठी ‘आर’, ॐ साठी ‘ओ’, अवग्रहासाठी ‘ए’ अशी अक्षरे देण्याचा सल्ला देईन. अर्थात नेमण्यापूर्वी ‘करंटली असाइन्ड टू’ समोर पहिला टप्पा मोकळा असल्याचे पाहून घ्यावे. नेमून झाल्यावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही मांडण्यांत तो चालतो का ते तपासावे.

९. न दिसणारी चिन्हे: जोडक आणि विलगक

मराठीत काही ठिकाणी शून्य रुंदीचा जोडक (झीरो विड्थ जॉइनर) आणि शून्य रुंदीचा विलगक (झीरो विड्थ नॉन-जॉइनर) लागतो. पाय मोडलेले अक्षर जोडाक्षर न होता सुटे दाखवायचे असेल, तर विलगक घालतात. विंडोजच्या भारतीय भाषांच्या मांडण्यांत जोडक कंट्रोल + शिफ्ट + १ वर आणि विलगक कंट्रोल + शिफ्ट + २ वर असतो. सातव्या पायरीतला भाषाबदलाचा अंक नेमका याच कळांवर येऊन आदळतो. तेव्हा जोडक उमटत नाही, मांडणी मात्र बदलते आणि पुढचा मजकूर इंग्रजीत उमटू लागतो.

‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांसाठी काही जण र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आणि जोडक असा क्रम वापरतात. त्याची गरज नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट + ‘जे’वर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ते टाकून हलन्त आणि पुढे य किंवा ह टाकला की तोच आकार मिळतो, आणि टक्करही होत नाही. मात्र एका दस्तऐवजात दोन्ही पद्धती मिसळू नका. डोळ्यांना शब्द सारखेच दिसतात, पण आतले संकेतांक वेगळे असल्याने शोध घेताना एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने सापडेलच असे नाही.

१०. शॉर्टकटशिवाय चिन्ह टाकण्याचे मार्ग

सर्वांत निर्धोक मार्ग ऑल्ट + एक्सचा आहे. वर्डमध्ये चिन्हाचा युनिकोड संकेतांक टंकित करून लगेच ऑल्ट + एक्स दाबले की संकेतांकाच्या जागी चिन्ह येते. नेहमी लागणारे संकेतांक असे:

- ₹ : २०बी९
- ॐ : ०९५०
- ऽ : ०९३डी
- ॲ : ०९७२
- ऱ : ०९३१
- लहान डॅश – : २०१३
- जोडक : २००डी
- विलगक : २००सी

हे संकेतांक इंग्रजी अंकांत आणि इंग्रजी अक्षरांत टंकित करावे लागतात. म्हणजे वरच्या यादीतील ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ ही रोमन अक्षरे आहेत आणि देवनागरी अंक येथे उपयोगाचे नाहीत. संकेतांकाच्या अगदी आधी इंग्रजी अंक किंवा ‘ए’ ते ‘एफ’पैकी रोमन अक्षर असेल, तर वर्ड तेही संकेतांकाचा भाग समजते. अशा वेळी फक्त संकेतांक निवडून मग ऑल्ट + एक्स दाबावे. ही युक्ती उलटही चालते: चिन्हानंतर कर्सर ठेवून ऑल्ट + एक्स दाबले की त्याचा संकेतांक दिसतो. ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे की अ आणि त्यावर वेगळी चंद्रखूण आहे, हे ओळखायला तिचा चांगला उपयोग होतो.

दुसरा मार्ग ऑटोकरेक्टचा: फाइल → ऑप्शन्स → प्रूफिंग → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. ‘रुरु’ लिहिले की ₹ व्हावे अशी नोंद येथे करता येते. ही यादी प्रत्येक भाषेसाठी वेगळी असते आणि चौकटीच्या शीर्षकात त्या भाषेचे नाव दिसते. कर्सर इंग्रजी मजकुरात असताना केलेली नोंद मराठी परिच्छेदात चालली नाही तर त्याचे कारण हेच असते. कर्सर मराठी परिच्छेदात ठेवून मगच नोंद करा. इंग्रजी करारनामे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: कंसातल्या ‘सी’चे © करण्याची नोंद वर्डमध्ये मुळातच असते, त्यामुळे ए, बी, सी अशा कलमांतले तिसरे कलम बिघडते. ती नोंद काढून टाकलेली बरी.

११. लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स

लिबरऑफिस रायटरमध्ये टूल्स → कस्टमाइझ → कीबोर्ड येथे पूर्ण यादी दिसते. वरच्या बाजूला ‘लिबरऑफिस’ आणि ‘रायटर’ असे दोन पर्याय आहेत आणि एकाच संयोगाला दोन्हीकडे वेगवेगळी कामे असू शकतात, म्हणून दोन्ही पाहावेत. ऑल्ट + एक्स रायटरमध्येही चालते. उबुंटूवर कंट्रोल + ऑल्ट + टी दाबल्यास टर्मिनल उघडते, त्यामुळे वर्डच्या सवयीने ™ काढायला जाऊ नका.

गुगल डॉक्समध्ये कंट्रोल + ऑल्ट + १ ते ६ हे सगळे संयोग शीर्षकांना दिलेले आहेत, म्हणून ₹ ची टक्कर तिथे अटळ आहे, आणि ते संयोग बदलण्याची सोयही नाही. डाव्या बाजूच्या कंट्रोल आणि ऑल्टऐवजी फक्त उजवा ऑल्ट वापरून पाहा. तेही चालले नाही, तर टूल्स → प्रेफरन्सेस → सब्स्टिट्यूशन्स येथे ऑटोकरेक्टसारखी नोंद करा. क्वचितच लागणाऱ्या चिन्हासाठी ‘इन्सर्ट’च्या यादीतून ‘स्पेशल कॅरेक्टर्स’ उघडून शोधाच्या चौकटीत त्याचे इंग्रजी नाव लिहिणे पुरेसे आहे.